मालकाच्या आकाराचं भोक

अबुधाबीत, अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटच्या दाराला आतल्या बाजूने, बिजागरीच्या जरा वर, एक लाल टिकली चिकटवलेली आहे. येणारे-जाणारे विचारतात, काय हो, दृष्ट लागू नये म्हणून का? मी हो म्हणून मोकळी होते. खरं म्हणजे ते दार तीन मिलिमीटर तिरकं आहे, आणि अंकल आमच्याकडे जेवायला आले त्या दिवशी त्यांनी ते चपला काढायच्या आधीच शोधून काढलं होतं.

अंकल माझे नात्यातले कोणी नव्हेत. शहराबाहेर मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात आमच्या कंपनीचा काच-ॲल्युमिनियमचा वर्कशॉप आहे. तिथे ते सगळ्यात जुने, म्हणून मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे अंकल. मूळचे वसईचे, ख्रिस्ती, आखातात तीस वर्षं काढलेले. इमारत मालकाच्या ताब्यात देण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचं काम. याला आमच्या धंद्यात स्नॅग काढणं म्हणतात. जिथे चूक तिथे अंकल लाल टिकली चिकटवायचे. ती दुरुस्त झाली की त्याच लाल टिकलीवर हिरवी. शर्टाच्या खिशात टिकल्यांचे दोन पत्ते आणि बोटभर लांबीची लेव्हल, म्हणजे ती पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी, एवढं सामान त्यांच्याजवळ चोवीस तास असायचं. आंघोळीलाही ते लेव्हल घेऊन जात असावेत, असा माझा संशय होता आणि अजूनही आहे.

त्या रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून ते आमच्याकडे आले आणि दोन तासांत सात टिकल्या लावून गेले. दार, बाल्कनीतल्या दोन फरशा, पडद्याची दांडी, जेवणाचं टेबल आणि माझ्या नवऱ्याची भिंतीवर फ्रेम करून लावलेली इंजिनिअरिंगची पदवी, जी म्हणे डावीकडे झुकली होती. सातवी टिकली माझ्या पुरणपोळीच्या ताटाला.

"बाय, एका बाजूला जाड झालीय," ते म्हणाले.

मी रत्नागिरीची. ऐकून घेण्याची सवय आमच्याकडे कोणाला नाही. "अंकल, मी जेवायला बोलावलं होतं, तपासणीला नाही."

"जेवण फर्स्ट क्लास. मी पोळीचं बोलतोय."

माझी सहा वर्षांची मुलगी मात्र हरखून गेली होती. "मम्मा, वी गॉट सेव्हन स्टिकर्स! अंकल रिअली लाइक्स अवर हाउस!" नवरा पुढचे चार दिवस पदवीकडे मान तिरकी करून बघत होता. निघताना अंकलनी प्रत्येकाच्या हातावर एकेक सुकेळं ठेवलं. वसईची ही सुकवलेली केळी, चिकट आणि मधासारखी गोड. कोणाचीही चूक काढली की त्याला सुकेळं द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. वर्कशॉपमधला खेडचा फिटर तर एवढी सुकेळी खायचा की त्यावरून त्याच्या कामाचा दर्जा कळावा.

त्यांच्याकडे जगातल्या सगळ्यांच्या चुका होत्या. चर्चमधल्या मेणबत्त्या, बसची पायरी, एका लग्नातला तीन मजली केक. त्या केकवर त्यांनी लेव्हल ठेवली तेव्हा नवरी रडली होती म्हणतात. पण ज्या घराच्या चुका ते वर्षानुवर्षं काढत होते, ते घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि पाहणारही नव्हते, कारण ते घर आता नाही.

दुसऱ्या महायुद्धातला तो टीचभर मिशीचा हुकूमशहा. आल्प्सच्या डोंगरात त्याचं एक घर होतं, आणि युद्ध चालू असताना तो महिनोन्महिने तिथे राहायचा. त्या घराचे फोटो अंकल जमवायचे. जुन्या मासिकांतली पानं, मागवलेली पोस्टकार्डं, ऑफिसच्या प्रिंटरवर गुपचूप काढलेल्या प्रती. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ते नखं कापायच्या छोट्या कात्रीने फोटोतून त्या मिशीवाल्याला कापून काढायचे. एकूण एक फोटोतून. गच्चीत उभा असेल तर गच्चीतून, खुर्चीत बसला असेल तर खुर्चीतून. कुत्रा ठेवायचे. त्यामुळे सगळ्या फोटोंमध्ये डोंगर, गच्ची, कुत्रा आणि मध्ये माणसाच्या आकाराचं पांढरं भोक.

"मालक मध्ये आला की बांधकाम दिसत नाही," ते म्हणायचे.

मी एकदा तडकून विचारलं, की अंकल, त्या राक्षसाच्या घराचं एवढं कसलं कौतुक? त्यांना ते लागलं. कात्री खाली ठेवून म्हणाले, "कौतुक नाय गे. स्नॅग काढतोय." आणि वही दाखवली. त्या घराच्या एकशे सत्तावन्न चुका नंबर घालून लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'मालक'. त्यापुढे लाल टिकली आणि लाल टिकलीवर हिरवी. बाकीच्या एकशे छप्पन अजून लालच होत्या.

त्यातली त्यांची सगळ्यात आवडती चूक म्हणजे खिडकी. त्या घराच्या दिवाणखान्याला एक अवाढव्य खिडकी होती. भिंतीएवढी काच, आणि ती मोटरवर सरळ खाली, जमिनीत उतरायची. मग समोर नुसता डोंगर. पण घराचा आराखडा मालकाने स्वतः काढलेला, आणि त्याने गॅरेज ठेवलं होतं बरोबर त्या खिडकीखाली. वारा त्या बाजूचा असला की काच उतरवल्यावर दिवाणखान्यात पेट्रोलचा वास.

"एवढे इंजिनिअर, एवढे जनरल," अंकल सांगायचे, "आणि एकालाही तोंड उघडून सांगता नाय आलं, की साहेब, गॅरेज हलवा. नाक दाबून बसले असतील सगळे. आता सांग, ज्याला गॅरेजचं सांगायची भीती, त्याला लढाईचं कोण सांगणार?"

फोटो त्यांनी क्रमाने लावले होते. नवं कोरं घर. मग विमानांनी बाँब टाकल्यानंतरचं. मग पळून जाताना त्याच्याच शिपायांनी आग लावल्यानंतरचं, काळंठिक्कर. मग जिंकलेले सैनिक त्या खिडकीच्या रिकाम्या चौकटीत उभे राहून दात काढतायत, गावचे लोक नळ आणि फरशा उचकटून नेतायत. काही वर्षांनी सरकारने उरलेलं सुरुंग लावून उडवलं, कोणी तिथे हार-फुलं घेऊन येऊ नये म्हणून, आणि झाडं लावली. शेवटच्या फोटोत नुसतं रान आणि एक दगडी भिंत.

"येवढा घर उडवलानी, नि भित कशी ऱ्हायली?" खेडच्या फिटरने विचारलं होतं.

"ती डोंगराला टेकलेली," अंकल म्हणाले. "मालकाला नाय."

हसू येईल, पण मला या वेडाचं कारण हळूहळू कळलं. अंकलनी तीस वर्षं आखातात खिडक्या केल्या, पण उघडणारी खिडकी जवळजवळ केलीच नाही. इथल्या उन्हात खिडकी उघडतंय कोण? टॉवर काचेचे, काच पक्की सील केलेली आणि आत एसी. मुसफ्फापासून मरीनापर्यंत त्यांच्या हाताखालून गेलेल्या हजारो खिडक्यांतून कधी वाऱ्याची झुळूक आत गेली नव्हती. "एक खिडकी," ते बोट दाखवून म्हणायचे, "एकच, काच पूर्ण खाली जाणारी. मग मी वसईला जायला मोकळा." आणि वसईला जायची तारीख ठरलेली होती. त्यांना चौसष्ट वर्षं पूर्ण होत होती, आणि मार्चनंतर व्हिसा वाढवणार नाही असं कंपनीने सांगून टाकलं होतं.

आता माझा प्रताप.

मी कंपनीत कागदांना नंबर देते. प्रत्येक कागद माझ्या हातून जातो, म्हणून मला वाटतं कंपनी मीच चालवते. ऑक्टोबरात एके दिवशी आमचे मॅनेजर, लखनौचे गृहस्थ, घाम पुसत आले. फुजैराच्या डोंगरात एक बडे मालक घर बांधतायत, त्यांना मोठ्या खिडकीचं काम केलेली कंपनी हवी, आपल्या जुन्या कामांची यादी फोटोंसकट एका तासात पाठवा. जुनी कामं म्हणजे दुकानांची दारं आणि संडासाच्या झडपा. मी कॉम्प्युटरवर शोधत बसले आणि एक फोल्डर मिळालं. रीतसर प्रोजेक्ट नंबर. काम: डोंगरावरील निवासस्थान. मालक: खाजगी. वैशिष्ट्य: जमिनीत उतरणारी काचेची खिडकी. वर सुंदर फोटो.

ते फोल्डर अंकलचं होतं, कापलेले फोटो स्कॅन करून ठेवलेलं. अंकल प्रत्येक गोष्टीला प्रोजेक्ट नंबर देतात, हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांनी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनलाही दिला होता. आणि त्यांच्या कात्रीबद्दल तर मला माहीतच होतं, पण घाईत डोकं चाललं नाही. फोटोत पांढरं भोक दिसलं तेव्हा मला वाटलं, मालकांना चेहरा दाखवायचा नसेल. इथल्या बड्या लोकांना तो दाखवायचा नसतोच, आम्ही नेहमी पुसून टाकतो. पहिलंच पान वाचलं, यादीत पहिल्या नंबरावर घातलं आणि पाठवलं. वर मॅनेजरांकडून शाबासकी घेतली.

दहा दिवसांनी फुजैराला बोलावणं आलं. मॅनेजर, अंकल आणि कागद सांभाळायला मी. डोंगरात बांधकामाचा सांगाडा, शेजारी पत्र्याची केबिन, आणि आत सत्तरीतले अरब मालक आम्हाला गावा, म्हणजे त्यांची कॉफी, प्यायला घालत होते. जुनी माणसं इथे हिंदी बोलतात, आपापल्या परीने. त्यांनी आमची यादी उघडली आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

"ये शीशा नीचे जाता?"

अंकलनी फोटो पाहिला. "जाता था, सर," ते म्हणाले.

"बहोत अच्छा. हमको येई मंगता. सेम सेम. इसका अरबाब का नंबर दो, हम पूछेगा वो खुश है के नहीं."

अरबाब म्हणजे मालक. मॅनेजर म्हणाले, "सर, वो आजकल बाहर रहते हैं."

"मुश्किल नहीं. हम जाके देखेगा घर."

"इन्शाल्ला," मॅनेजर म्हणाले. कशीतरी वेळ मारून न्यायची असली की ते अरबी बोलतात.

गाडीत बसल्यावर अंकलनी मॅनेजरना ते घर कोणाचं ते सांगितलं. पुढचा पाऊण तास मी लखनौची तहजीब उतरताना ऐकली. "किसने डाला ये लिस्ट में? किसने?" मी मागच्या सीटवर बसून पर्सची चेन उघडझाप करत होते. अंकलनी यादीचं ते पान उचललं, वरून खालपर्यंत नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मैंने दिया."

मॅनेजर थोडे शांत झाल्यावर म्हणाले, "बोल देंगे मालिक गुज़र गए."

"वो तो सच है," अंकल म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. स्वतःला सांगत राहिले की उद्या सांगते, आणि असे बरेच उद्या गेले.

नोव्हेंबरात फुजैराच्या घराचे नकाशे आले. मालकांच्या कन्सल्टंटने 'सेम सेम' हा हुकूम अक्षरशः पाळला होता. दिवाणखाना, अवाढव्य खिडकी, आणि खिडकीच्या बरोबर खाली सहा गाड्यांचं गॅरेज. जुन्या फोटोत दिसत होतं, म्हणून काढलं. अंकल नकाशाकडे बघत राहिले. डबा उघडलाही नाही.

मॅनेजरांनी बजावलं, "अंकल, ड्रॉइंग कन्सल्टंट का, गैरेज उनका, धुआँ उनका. आपने मुँह खोला तो वो पूछेंगे आपको कैसे मालूम, फिर वो घर किसका था, फिर ऑर्डर खलास. आपको खिड़की चाहिए कि नहीं?"

खिडकी तर त्यांना हवी होती. दोन दिवस ते वर्कशॉपमध्ये लेव्हल हातात घेऊन नुसते फिरत होते आणि कुठेच ठेवत नव्हते. एकही टिकली लागली नाही. खेडचा फिटर घाबरून माझ्याकडे आला. "मॅडम, अंकल आजारी हायत काय? माझा वाकडा काम बघून गेले, कायव बोलले नाय."

तिसऱ्या दिवशी अंकल म्हणाले, "बाय, कंपनीची गाडी सांग. फुजैरा. आणि माझी फाइल घे."

मी म्हटलं, "अंकल, खिडकी जाईल हां."

"माहीत हाय."

केबिनमध्ये त्यांनी सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले. नवं घर, बाँब, आग, दात काढणारे सैनिक, रान आणि भिंत. मालक एकेक उचलून बघत होते. मग एका भोकातून त्यांनी करंगळी आरपार घातली.

"ये आदमी किदर गया?"

अंकलनी सांगितलं. नाव घेतलं, बोट आडवं धरून मिशी दाखवली. मालकांनी करंगळी झटकन काढून घेतली. मग अंकलनी खिडकीखालच्या गॅरेजवर लाल टिकली लावली आणि तशीच दुसरी मालकांच्या नकाशावर. "सर, पेट्रोल का बास आएगा. उसके घर में आता था. गलती हमारी है, ये फोटो लिस्ट में नहीं होना था."

माझ्या हातातल्या फाइली खाली पडल्या. कोणी लक्ष दिलं नाही.

"उसका आदमी लोग बोला नहीं उसको?" मालकांनी विचारलं.

"डर गया, सर."

"तुम नहीं डरता?"

"सर, मेरा वीज़ा मार्च में खलास."

मालक हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. डोळे पुसत म्हणाले की त्यांचे चार मुलगे, दोन कन्सल्टंट, सगळे दिवसभर 'यस यस' करतात. गॅरेजचं एकाने सांगितलं नाही. मग पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच गॅरेजवर फुली मारली आणि घराच्या मागे, बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी, एक चौकोन काढला. "गाडी इदर. शीशा तुम करेगा, हबीबी. लेकिन उस हरामी का फोटो निकालो. मेरा घर लगाओ."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खिडकी बसली. चाचणीच्या दिवशी वर्कशॉपमधली निम्मी माणसं फुजैराला गेली होती. अंकलनी चौकटीवर लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्ये येऊन थांबला, आणि त्यांनी बटण दाबलं. काच हलली आणि आवाज न करता खाली जात जात जमिनीत नाहीशी झाली. समोर नुसता डोंगर. गार वारा आत आला आणि त्याच्यामागून एक बकरी आली. उंबरठा ओलांडून सरळ दिवाणखान्यात, संगमरवरावर टकटक करत.

मॅनेजर ओरडले, फिटर धावला, बकरी सोफ्यावर चढली. मालकांनी अंकलच्या खिशातून टिकल्यांचा पत्ता काढला आणि बकरीच्या कपाळावर एक लाल टिकली लावली. "ये गलती हमारा है," ते म्हणाले. अंकल मात्र कोणाकडे बघत नव्हते. ते खिडकीत उभे होते, जिथे काच होती तिथे हात लांब करून, आणि त्यांची शर्टाची बाही वाऱ्याने फडफडत होती. मला रडू आलं. खेडच्या फिटरलाही आलं, पण त्याने ते बकरीच्या नावावर खपवलं.

मार्चमध्ये अंकल वसईला परतले. निरोपाच्या दिवशी मी सांगणार होते, आणि केकच कापत बसले. तोही तिरका. पुढे नाताळात वसईला फोन केला आणि शुभेच्छा देता देता सगळं ओकले. की ती यादी मी केली होती, पहिलंच पान वाचलं, तुम्ही शिव्या खाल्ल्यात आणि मी मागे पर्सशी खेळत बसले, मला माफ करा.

"बरं," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीचं लाकूड पावसाने कसं फुगलंय ते दहा मिनिटं सांगितलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, दुखावले. किंवा विसरले.

जानेवारीत एक जण सुट्टीवरून आला आणि माझ्या टेबलावर पुडकं ठेवून गेला. आत सुकेळी होती आणि घडी केलेला एक कागद. घडीच्या जागी तो विरला होता, कारण कोणीतरी तो वर्षाहून अधिक काळ खिशात नाहीतर वहीत ठेवला होता. आमच्या यादीचं तेच पान. डोंगर, गच्ची, कुत्रा आणि मालकाच्या आकाराचं भोक. अगदी तळाला, जिथे कॉम्प्युटर आपणहून कागद तयार करणाऱ्याची आद्याक्षरं छापतो, तिथे माझी आद्याक्षरं. त्यांच्या शेजारी लाल टिकली, तिच्या बाजूला पेनाने बारीक तारीख. फुजैराहून आम्ही पहिल्यांदा गाडीने परत आलो त्या दिवसाची.

आणि त्या लाल टिकलीवर, जरा घाईने, एका बाजूला सरकलेली, नवी कोरी हिरवी.